जेवणघराखालचा शिवेचा दगड

सुज्ञ वाचकहो, विदरली येथील राजउद्यानाचे नायब रेंजर एम्ब्रोज ट्रिमनेल यांच्यावर ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या गुरुवारी जो प्रसंग ओढवला, त्याचा वृत्तांत आता आपणांपुढे यथाक्रम व कोणाचीही भीड न ठेवता मांडण्यात येत आहे. या वृत्तांतात आपणांस एक दगड भेटेल, एक गालिचा भेटेल, आणि दोन हट्टी मनुष्यांच्या मधोमध सापडलेला एक सालस मनुष्य भेटेल. ज्या भाग्यवंतास आयुष्यात कधीही दोन हट्टी मनुष्यांच्या मध्ये उभे राहावे लागले नाही, त्याने हे वाचले नाही तरी चालेल. बाकीच्यांनी शांत चित्ताने वाचावे.

रेंजर हे पद मोठ्या मानाचे. ते राजाच्या हातून मिळते, आणि मिळते ते बहुधा अशा सरदाराला, ज्याने दरबारात योग्य वेळी योग्य बाजूने मान डोलावलेली असते. उद्यानातील हवेली त्याची, हरणाचे मांस त्याचे, फाटकांवरचा अधिकार त्याचा. हरणांची गणती ठेवणे, भिंतीची खिंडारे बुजविणे, हिवाळ्यात फांद्या तोडून कळपाला चारणे, आणि चोरट्या शिकाऱ्यांमागे चिखलातून धावणे, हे मात्र नायबाच्या वाट्याचे. विदरलीला आजवर जे जे रेंजर होऊन गेले, त्यांना ही वाटणी मान्य होती. ते वर्षाकाठी एकदा येत, पोटभर जेवत, आणि परत लंडनला जात. एम्ब्रोज त्या सर्वांना मनापासून मान देत असे, कारण ते तेथे नसत.

लॉर्ड पेल्व्हर यांनी मात्र येऊन राहण्याचे ठरविले.

शरद ऋतूत ते आले आणि हवेली पाहताच म्हणाले की जेवणघर लहान आहे. तळ्याच्या बाजूने नवे जेवणघर काढण्यात आले. ज्या हिरवळीवर ते काढले, तिच्यात विदरली गावाच्या शिवेचा दगड होता. वीतभर वर आलेला, डोक्यावर क्रूस कोरलेला. गावाची शीव उद्यानाच्या पोटातून जाते, हे तेथील शेंबड्या पोरालाही ठाऊक. एम्ब्रोजने पाया खणताना रेंजरसाहेबांना सांगितले. भिंती उठताना सांगितले. फळ्यांची जमीन घालताना, म्हणजे दगड अंधारात जाण्याच्या आदल्या दिवशी, हात जोडून सांगितले. साहेबांनी प्रत्येक वेळी ऐकून घेतले, आणि तेच काय ते केले.

आता मे महिना उजाडला होता. येत्या गुरुवारी गावाची शिवेची फेरी, म्हणजे शीव विसरली जाऊ नये म्हणून दगडादगडाशी जाणारी वार्षिक मिरवणूक, निघणार होती, आणि त्याच गुरुवारी लॉर्ड पेल्व्हर यांनी ऑल्डहेव्हनच्या वृद्ध डचेसबाईंना जेवावयास बोलाविले होते. डचेसबाईंचा शब्द राणीच्या महालात चाले, आणि साहेबांना राजाच्या पागेवरचे मोठे पद हवे होते.

सोमवारी सकाळी एम्ब्रोजला हवेलीवर बोलावणे आले.

"ट्रिमनेल," साहेब खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "हरणांची शिंगं कुठे गेली?"

"गळाली, सरकार."

"गळाली? सगळ्यांची?"

"नरांची, सरकार. या दिवसांत गळतातच. नवी फुटतायत ना, ती बघा, मखमलीसारखी. ऑगस्टपर्यंत होतील तयार."

"डचेस ऑगस्टमध्ये नाही येत आहेत. गुरुवारी येतायत. त्यांना मी ही बोडकी हरणं दाखवू?"

"सरकार, मे महिन्यात खुद्द राजेसाहेब आले तरी बोडकीच."

"मागच्या रेंजरच्या वेळीही गळायची?"

"आदमच्या वेळेपासून गळतायत, सरकार."

साहेबांनी विचार केला. एम्ब्रोजला त्यांच्या विचाराचे मोठे भय वाटे. "दिवाणखान्यात भिंतीवर जुनी शिंगं लावलेली आहेत," ते म्हणाले, "ती दोरीनं..."

एम्ब्रोजने डोळे मिटले. "बांधू नाही देणार हरणं, सरकार."

"बांधून बघितलीस?"

"नाही, सरकार."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नव्हते. लॉर्ड पेल्व्हर यांच्या पुष्कळशा प्रश्नांना उत्तर नसे, आणि ती आपलीच सरशी आहे असे त्यांस वाटे. एम्ब्रोजने घसा खाकरला व मूळ गोष्टीला हात घातला.

"सरकार, गुरुवारी शिवेची फेरी आहे. गाव येणार. पाद्रीबाबा पुढे, मागे सगळे सोललेल्या फोका घेऊन. दगडावर फोक मारायची, पाद्रीबाबांनी स्तोत्र वाचायचं, की झालं. दगड आपल्या जेवणघराखाली आहे."

"मला ठाऊक आहे कुठे आहे तो."

"मी बांधकामाच्या वेळीच म्हटलं होतं."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

"म्हणालात, दगड आहे तर पाया पक्का होईल."

"बरोबरच म्हणालो. बघ, कुठे एक तडा नाही." साहेब प्रसन्न दिसले. "आता नीट ऐक. लंडनला माझ्या वकिलाशी मी बोललोय. राजाच्या उद्यानाला गाव नसतं. यंदा फेरी या दगडापर्यंत पोचली नाही, तर उद्यान कुठल्याच गावात नाही असं सांगता येतं. मग या हवेलीवर गावची गरीबपट्टी, गोरगरिबांना पोसायचा तो कर, बसत नाही. कळलं? गुरुवारी सगळी फाटकं बंद. कुत्री मोकळी."

एम्ब्रोजला कळले, आणि साहेबांना न कळलेलेही कळले. उद्यानाला गाव नाही, तर उद्यानात राहणाऱ्यांनाही गाव नाही. राखणदारांपैकी कोणी थकला की त्याला गाव पोसत असे. पलीकडच्या झोपडीत राहणाऱ्या मार्जरी म्हातारीचा नवरा भिंतीवरून पडून मेला, तेव्हापासून तिची भाकरी गावातून येत होती. विदरलीच्या चर्चमागे एम्ब्रोजच्या दोन लेकी पुरलेल्या होत्या, आणि त्यांच्याशेजारची जागा त्याने व टॅमसिनने आपली मानली होती. उपऱ्याला तेथे जागा मिळत नसे.

"सरकार," तो म्हणाला, "गुरुवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी एक फळी उचलतो. पाद्रीबाबा आणि दोघं जण गुपचूप येतील, फोक मारतील, जातील. कोणाला पत्ताही लागणार नाही."

"फळीवर तुर्कस्तानचा गालिचा आहे. चारी बाजूंनी खिळे मारलेत."

"खिळे मी काढतो. पुन्हा मारतोही."

"आणि एकदा आत घेतलं की त्यांचा हक्क झाला! तू मला मूर्ख समजतोस?"

एम्ब्रोजने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"गुरुवारी एक जरी गावकरी आत दिसला," साहेब म्हणाले, "तर शुक्रवारी तू उद्यानातल्या त्या घरात दिसणार नाहीस. मी शब्द देतो तुला."

घरी आल्यावर पाहतो तो मेहुणा बसलेला. जेबेझ हॅकेट हा टॅमसिनचा धाकटा भाऊ; धंद्याने जिनगर, खोगिरे व लगाम शिवणारा, आणि यंदा चर्चचा कारभारी. कारभारी झाल्यापासून तो जरा मागे रेलून चालत असे. टॅमसिनने मोठ्या जतनाने ठेवलेल्या चीजचा त्याने निम्म्यावर फडशा पाडला होता.

"या दाजी," जेबेझ जणू स्वतःच्याच घरी असल्यासारखा म्हणाला. "काय म्हणतो तुमचा राजा?"

"फाटक बंद ठेव म्हणतो."

"ठेवा की. आम्ही पहार घेऊन येतो."

"अरे, पहार कशाला? फळी आहे ती, किल्ला नाही!"

"अडवलं तर मोडायचा हक्क आहे गावाला. मागे एका गावात भटारखान्याची भट्टी आडवी आली, तर लोक भट्टीतून गेले. विझायची वाटही नाही बघितली."

"कुठल्या गावात?"

"असेल कुठल्यातरी."

एम्ब्रोजने खुर्ची ओढली आणि शक्य तितक्या शांतपणे आपली युक्ती पुन्हा सांगितली: सकाळची वेळ, एक फळी, दोघे जण, पाद्रीबाबा. साहेबांची समजूत अजून घालता येईल, गावाने तेवढे ऐकावे.

"म्हणजे चोरासारखं?" जेबेझने चीजचा तुकडा खाली ठेवला, त्याला खरोखरच लागले होते. "आपल्याच शिवेवर आम्ही चोरून जायचं? दाजी, शीव का लपूनछपून फिरतात? गाजावाजा करून, दहा माणसांदेखत फिरायची असते. पुढेमागे कोर्टात कोणी विचारलं तर सांगायला नको, हो, आम्ही होतो तिथे, आमच्या डोळ्यांसमोर झालं?"

"पण मग माझं घर जाईल रे!"

"आणि नाही फिरलो तर तुमचं गाव जाईल. मी तुमच्यासाठीच तर झगडतोय. उलट तुम्हीच माझ्यावर डाफरताय."

"जेबेझ," टॅमसिन चुलीजवळून म्हणाली, "आमचं चीज खाऊन तू आमचंच घर मोडायला निघालास."

"ताई, घर तुमचं कुठलं, राजाचं आहे."

"बरं. पण चीज माझं आहे. ठेव ते."

जेबेझ गेला. उरलेले चीज मात्र त्याच्या खिशातून गेले.

मंगळवारी एम्ब्रोज पाद्रीबाबांकडे गेला. ते बागेत शतावरीचे कोंब कापीत होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले, दोनदा मान हलविली, आणि म्हणाले, "एम्ब्रोज, लॉर्डसाहेबांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आणि जेबेझच्याही म्हणण्यात आहे."

"मग मी काय करू, बाबा?"

"तुझ्याही म्हणण्यात आहे," पाद्रीबाबा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या हातावर शतावरीची जुडी ठेवली.

बुधवारी राखणदारांनी हुकमाची तामिली म्हणून एका म्हाताऱ्या नर हरणाला शिंगे बांधून पाहिली. ते हरिण शिंगांसह तळ्यात शिरले आणि शिंगांवाचून बाहेर आले. साहेबांनी चौकशी केली तेव्हा एम्ब्रोजने सांगितले की प्रयत्न झाला. साहेब म्हणाले, "बघ, करून बघितल्याशिवाय कळत नाही." एम्ब्रोज त्या दिवशी घरी जाऊन बराच वेळ सरपण फोडीत होता, सरपणाची गरज नव्हती.

गुरुवार उजाडला. डचेसबाईंची बग्गी दुपारी आली. हवेलीच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या बदकाचा वास थेट फाटकापर्यंत येत होता. एम्ब्रोज फाटकाच्या आतल्या बाजूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा राहिला. जवळच दोन राखणदार साखळीला कुत्री धरून होते; कुत्र्यांना गावातील प्रत्येक मनुष्य ठाऊक होता, त्यामुळे ती शेपट्या हलवीत होती.

"कुत्री भुंकत का नाहीत?" असे विचारावयास हवेलीवरून माणूस आला. एम्ब्रोजने त्याला परत धाडले. एवढ्यात झाडीपलीकडून गाण्याचा आवाज आला, आणि वळणावर मिरवणूक दिसली. पुढे पाद्रीबाबा, पायघोळ झगा चिखलाने भरलेला. मागे जेबेझ, खांद्यावर पहार. त्यामागे लोहार, गवंडी, दूधवाल्या बाया, पार शेवटी काठी टेकत मार्जरी म्हातारी. सगळ्यांच्या हाती सोललेल्या पांढऱ्या फोका. सकाळपासून प्रत्येक दगडाशी बियर झालेली होती, त्यामुळे स्तोत्राचा सूर निरनिराळ्या दिशांना गेला होता.

"फाटक उघडा!" जेबेझ गजांपाशी येऊन गरजला. "विदरली गावाच्या नावानं!"

"ओरडू नकोस, मी इथेच आहे."

"उघडता, की घालू पहार?"

एम्ब्रोजने त्याच्याकडे पाहिले. मागे वळून हवेलीकडे पाहिले. या दोघांपैकी एकालाही, केवळ एका फळीपुरते, समजूतदार होता आले नव्हते. आणि त्या दोघांच्या हट्टाची भरपाई आपल्या घराने करावयाची, हे त्याला आता लख्ख दिसले. त्याला एकदम फार राग आला, आणि रागासरशी मन निवळले. दोघांनीही ऐकले नाही, तर ऐकावयाचे कोणाचे? मार्जरी म्हातारी भिंतीला टेकून दम घेत होती. तिला उद्या भाकरी कोण देणार, एवढाच प्रश्न उरला, आणि त्याला उत्तर होते: गाव.

त्याने किल्ली लावली.

"हे बघ," अर्धे उघडलेले फाटक अडवून तो म्हणाला, "तुझा दरारा वाटला म्हणून उघडत नाहीये. पहार इथेच ठेव."

"दाजी, पहारीशिवाय..."

"ठेव! आणि आत जाताना पाय पुसायचे."

"शीव फिरताना पाय पुसायचे?" जेबेझ अवाक झाला.

"सगळ्यांनी. तूसुद्धा."

विदरली गावाने हवेलीच्या दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसले. मग एम्ब्रोजने टोपी काखेत धरली आणि जेवणघराचे दार उघडले. आत मेणबत्त्या, चांदीची भांडी, बदक. टेबलाच्या अग्रभागी डचेसबाई, एका हाती काटा. त्यांच्या उजवीकडे लॉर्ड पेल्व्हर, ज्यांचा चेहरा दार उघडताच बिटासारखा झाला.

"सरकार," एम्ब्रोज म्हणाला, "विदरलीची शीव आलीय."

"ट्रिमनेल!"

"टेबल जरा सरकवावं लागेल, सरकार."

साहेब ओरडणार, एवढ्यात डचेसबाईंनी काटा खाली ठेवला आणि खुर्ची मागे घेतली. "सरकवा, सरकवा," त्या म्हणाल्या. "पेल्व्हर, तुम्ही बोलला नाहीत की जेवणात शिवेची फेरी पण आहे म्हणून!"

साहेबांना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. टेबल सरकले. एम्ब्रोज गुडघे टेकून बसला आणि बरोबर आणलेल्या पकडीने गालिच्याचे खिळे एकेक करून उपटू लागला. काम नाजूक होते. कडेचा धागा न दुखविता प्रत्येक खिळा वर घ्यावा लागे. मागे अख्खे गाव श्वास रोखून उभे होते. म्हणजे जेबेझखेरीज अख्खे गाव.

"दाजी, असं केलंत तर पुढल्या दगडाला अंधार पडेल."

"थांब."

"बाजूला व्हा जरा."

"जेबेझ, हात नको ला..."

पण जेबेझने कमरेचा जिनगरी सुरा काढला होता. चामडे कापणाऱ्याच्या सफाईने त्याने तुर्कस्तानच्या गालिच्यात तीन बाजूंनी रेघ मारली आणि झडप उघडावी तसा तुकडा उलटा टाकला. रेघ अगदी सरळ होती, हे मान्य करावे लागेल. एम्ब्रोज हातात पकड धरून तसाच बसून राहिला. साहेबांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

फळी उचलली. खाली चुन्याच्या ढेकळांत, गवंड्याच्या विसरलेल्या मातीच्या चिलमीशेजारी, शिवेचा दगड होता. डोक्यावरचा क्रूस स्वच्छ दिसत होता. पाद्रीबाबांनी स्तोत्र वाचले. एकामागून एक येऊन सर्वांनी फोका मारल्या. मार्जरी म्हातारीने दोनदा मारली, एक नवऱ्याची म्हणून. एम्ब्रोजला वाटले, संपले. आता सर्वांना खिडकीतून बाहेर काढावे, कारण शीव खिडकीतूनच पुढे जात होती.

"आणि नवा माणूस कोण?" डचेसबाईंनी विचारले.

लोहाराने गवंड्याकडे पाहिले.

"अहो, नवा माणूस! यंदा गावात राहायला आलेला. तो गावचा झाला म्हणून त्याचं बूड आपटत नाही का तुम्ही दगडावर? आमच्याकडे तर आपटतात. मी सात वर्षांची असताना माझं आपटलंय ऑल्डहेव्हनच्या दगडावर, तीनदा. हिवाळा लागला की अजून आठवतं."

"आपटतो की, बाईसाहेब," जेबेझ म्हणाला, आणि त्याची नजर हळूहळू टेबलाच्या उजवीकडे गेली. "यंदा नवं आलेलं असं म्हणाल तर..."

"जेबेझ, नको," एम्ब्रोज पुटपुटला.

"...सरकारच आहेत."

"मी राजाचा रेंजर आहे!" लॉर्ड पेल्व्हर उभे राहिले. "मी कुठल्याही गावचा नाही!"

"कुठल्याही गावचे नाही?" डचेसबाईंनी भुवया वर केल्या. "म्हणजे बेवारशी? अहो पेल्व्हर, राणीसाहेबांना मी काय सांगू? पागेसाठी एक माणूस आहे, पण तो कुठला ते त्यालाच ठाऊक नाही?"

साहेब दगडाकडे पाहत राहिले. त्यांच्या मनात एका बाजूला गरीबपट्टी आणि दुसऱ्या बाजूला राजाची पागा उभी असावी. अखेरीस त्यांनी कोटाचे मागचे पदर उचलून धरले.

"लवकर आटपा," ते म्हणाले.

जेबेझने पाय धरले. खांदे धरावयास कोणी पुढे येईना. लोहार छताकडे पाहू लागला, गवंड्याला आपली चिलीम सापडली. साहेबांनी चहूकडे पाहिले आणि त्यांची दृष्टी ओळखीच्या एकाच चेहऱ्यावर स्थिरावली.

"ट्रिमनेल, तू धर. हे लोक मला पाडतील."

एम्ब्रोजने आपल्या धन्याला काखांखाली हात घालून उचलले. धनी वजनदार होते. एकदा टेकविले, दुसऱ्यांदा टेकविले. तिसऱ्या खेपेस हात किंचित सुटला आणि आवाज जरा मोठा झाला. तो थकव्यामुळे सुटला असे एम्ब्रोज पुढे आयुष्यभर सांगत आला, आणि त्यावर अविश्वास दाखविण्यास आमच्यापाशी काही आधार नाही.

डचेसबाईंनी टाळ्या पिटल्या. गावाने जयजयकार केला. मग सर्व जण खिडकीतून बाहेर गेले, पाद्रीबाबांना थोडे ढकलावे लागले, आणि जाता जाता लोहाराने बदकाची एक तंगडी नेली.

शुक्रवारी सकाळी बोलावणे येणार, हे एम्ब्रोजला ठाऊक होते. आश्चर्य हे की साहेब हसतमुख होते.

"ट्रिमनेल, डचेस काल इतक्या खूश कधी झाल्या नव्हत्या. शिवेची फेरी ही फार जुनी, फार सुंदर चाल आहे. ती बंद पडता कामा नये. पुढल्या वर्षी मी अजून पाहुणे बोलावणार आहे."

एम्ब्रोजच्या छातीवरचा धोंडा हलला. "फार बरं झालं, सरकार. म्हणजे उद्यान विदरलीतच राहिलं."

"अर्थात विदरलीतच! माझं बूड टेकलंय तिथे." साहेबांनी खुर्चीत जपून कूस बदलली. "पण गालिचा, ट्रिमनेल."

"गालिचा जेबेझनं कापला, सरकार. मी खिळे काढत होतो."

"जेबेझ माझा नोकर नाही. फाटक कोणी उघडलं?"

"मी."

"आणि शुक्रवारबद्दल मी काय म्हणालो होतो?"

"सरकार, पण फाटक उघडलं म्हणूनच तर डचेसबाई..."

"ते वेगळं. मी शब्द दिला होता," लॉर्ड पेल्व्हर गंभीरपणे म्हणाले. "आणि विदरलीचा माणूस दिलेला शब्द मोडत नाही."

दुपारी जेबेझ गाडी घेऊन आला. गावचा मनुष्य बेघर झाला तर त्याची सोय लावणे हे चर्चच्या कारभाऱ्याचे काम, त्यामुळे ते त्याच्याच गळ्यात पडले होते, आणि त्यामुळे तो कुरकुरत होता.

"दाजी, एवढं सामान? खोगिराच्या दुकानावर एकच खोली आहे माझ्याकडे."

"वीस वर्षांचा संसार आहे," टॅमसिन म्हणाली. "कुठे टाकू? तुझ्या डोक्यावर?"

"ताई, माझ्यावर कशाला रागावतेस? गालिचा मी शिवून देतो म्हटलं होतं साहेबांना. शिवण दिसलीसुद्धा नसती."

"कधी म्हटलंस?"

"म्हणणार होतो."

एम्ब्रोजने फाटकाच्या किल्ल्या दुसऱ्या राखणदाराच्या हाती दिल्या, कुत्र्यांच्या डोक्यावरून हात फिरविला, आणि पलंगाच्या पायांमध्ये कशीबशी जागा करून गाडीत बसला. कळप दूर ओकच्या झाडांखाली चरत होता. आता पाडसे व्हावयाचे दिवस जवळ आले होते, आणि यंदा ती तो मोजणार नव्हता. गाडी चर्चवरून गेली तेव्हा टॅमसिनने मान वळवून मागच्या गवताकडे पाहिले, जेथे दोन लहान लाकडी खुणा होत्या. मग तिने नवऱ्याच्या बाहीवरची गवताची काडी तेवढी काढली.

"खोली थोडी गळते," जेबेझ पुढे बसून सांगत होता. "फार नाही. वाऱ्यावर असतं. गावानं दुरुस्त करायला हवी खरं तर. तुम्ही मला सांगा, मी कारभारी म्हणून बघतो. लगेच नाही होणार, आधीची कामं आहेत. आणि खाली दुकानात ठोकाठोक चालते सकाळपासून, पण त्याची सवय होते. चामड्याच्या वासाची पण होते. आणि दाजी, काल तुम्ही ते खिळ्यांचं लावलंत ना, तिथे जर मला आधीच..."

"जेबेझ," एम्ब्रोज म्हणाला, "मी याच गावचा आहे ना?"

"म्हणजे काय! त्यासाठीच तर एवढं सगळं केलं!"

"मग गावचा माणूस म्हणून सांगतो. तोंड बंद कर आणि गाडी हाक."

वाचकहो, वृत्तांत येथे पूर्ण झाला. आमच्या अल्प शिक्षणामुळे कोठे शब्द अवघड झाला असेल किंवा उणा पडला असेल, तर तो आपण आपल्या पदरचा घालून वाचला असेलच. आपली सवड खर्चून आपण शेवटापर्यंत आलात, याबद्दल आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार.

गंगाराम विठू आरोंदेकर